शिसवी झारीतलं मीठपाणी

३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी सहा.

वही वर्कशॉपच्या ऑर्डरबुकांतली उरलेली. पहिल्या चार पानांवर कुणाच्या तरी कपाटाची मापं आहेत. कपाट केव्हाच गेलं, पानं राहिली. पुढे मी लिहिणार. या घरात आता बोलून उपयोग नाही.

काल जेवताना चिरंजीव म्हणाले, बाबा, तेवीस तारखेला वखारीत मी एकटाच जाऊन येतो, तुम्ही आराम करा. वाचनालयाच्या मोठ्या टेबलाचं लाकूड घ्यायचं आहे, पण मी ओल मोजायचं यंत्र आणलंय. दोन सुया टोचल्या की आकडा येतो.

आराम करा! म्हणजे खुर्चीचे पाय कापून घ्यायचे आणि वर म्हणायचं, बसा निवांत.

नोंद असावी म्हणून लिहितो. मी मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं लाकडाने शिकवलं. ओंडक्याची चिमूटभर साल काढायची, थुंकीने ओली करायची, नाकाशी धरायची. सागवान जुन्या चामड्यासारखं, शिसवी गोडसर, पाइन टर्पेंटाइनसारखं. वखारवाले रंग फासून काय वाट्टेल ते खपवतात. डोळा फसतो, नाक फसत नाही. वर्कशॉप चिरंजिवांच्या हवाली केलं तेव्हा मशीन दिली, किल्ल्या दिल्या, गिऱ्हाइकांच्या शिव्यासुद्धा दिल्या. एकच गोष्ट स्वतःकडे ठेवली. महिन्यातला एक शनिवार, टेम्पोत चिरंजिवांच्या शेजारची सीट, दीड तास जाणं, दीड तास येणं, आणि मधे माझ्या नाकाने लाकूड पास करणं. चार वर्षांत एक ओंडका चुकला नाही. एक!

नाक हल्ली जरा जड असतं. पण जरा. ही, म्हणजे घरातली, म्हणते चार वर्षं झाली जड असल्याला. हिला आकडा वाढवून सांगायची सवय आहे.

संकल्प: तेवीसच्या आत नाक लख्ख करणे. वीस दिवस आहेत. वीस दिवसांत मी अख्खा जिना उभा केलेला आहे.

४ नोव्हेंबर. दुपार.

पॉलिशवाल्याकडे विषय काढला. हा माझा एकतीस वर्षांचा जोडीदार. मी घडवायचं, त्याने चमकवायचं. त्याच्या नाकात जन्मभर पॉलिशचा वास गेला, तरी नाक ठणठणीत. रहस्य विचारलं. म्हणाला, मिठाचं पाणी, मिस्त्री. पाणी उकळून कोमट करायचं, अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा मीठ, काठाशी सपाट केलेला. वाकायचं, डोकं कलतं करायचं, एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून आपोआप येतं. श्वास तोंडाने. औषधांच्या दुकानात प्लास्टिकची बाटली मिळते, ती आणा.

इतकं सोपं! आणि एकतीस वर्षांत या माणसाने एकदाही सांगितलं नाही. विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाला, तुम्ही कधी विचारलंत?

हे काही उत्तर झालं?

बाटली आणणार नाही. माझ्या नाकात प्लास्टिक जाणार नाही. आयुष्यात दाराला प्लास्टिकची कडी लावली नाही मी.

५ नोव्हेंबर. सकाळी साडेसहा.

प्रयोग पहिला. हिची चहाची किटली घेतली. मीठ अंदाजाने. चौकटीचा काटकोन मी नजरेने सांगतो, चमचा कशाला हवा?

५ नोव्हेंबर. सकाळी सहा पन्नास.

आत्ता कुठे दिसायला लागलं.

वाटलं कुणी कपाळात गिरमिट घातलं. ही धावत आली. टॉवेल दिला, मग किटली हुंगून बघितली, मग चाखून बघितली आणि म्हणाली, हे मीठपाणी आहे की समुद्र? वर किटली परत मागितली. नवऱ्याचा जीव जातोय आणि हिला किटलीची पडली आहे.

पॉलिशवाल्याला लगेच फोन करून जाब विचारला. माप चुकीचं सांगितलंस. तो म्हणाला, किती घातलंत? मी म्हणालो, अंदाजे. म्हणाला, मिस्त्री, अंदाज दारावर चालतो, दार रडत नाही.

मुद्दाम चुकीचं माप सांगितलं असावं. चिरंजिवांशी त्याचं बरं जमतं हल्ली.

७ नोव्हेंबर.

मीठ हाच शत्रू आहे असं लक्षात आलं. आज बिनमिठाचं साधं पाणी घातलं, नळाचं. तेही झोंबलं! परवाच्यापेक्षा वेगळ्या जागी. म्हणजे मीठ जास्त झालं तरी झोंबतं आणि नसलं तरी झोंबतं. असल्या पदार्थावर माणसाने विश्वास ठेवायचा कसा?

ही म्हणाली, निदान पाणी उकळत जा. पुढे म्हणाली, नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे चला, चार वर्षं सांगतेय. मी म्हणालो, नाक माझं आहे. ही म्हणाली, घोरणं आमच्या सगळ्यांचं आहे.

सूनबाई हसली. तोंडावर हात ठेवून हसली, म्हणजे आदर आहे.

८ नोव्हेंबर. वर्कशॉप.

चूक सापडली. चूक भांड्यात आहे. किटलीची तोटी चहासाठी असते, तिला नाकाचं वळण कुठून कळणार? झारी स्वतः करायची. आणि कशाची? शिसवीची! माझ्याकडे एक तुकडा आहे, बावीस वर्षं जपलेला, गाभ्याचा, काळाभोर. चांगल्या कामासाठी ठेवला होता. यापेक्षा चांगलं काम कोणतं?

शिवाय लाकूड हे जिवंत असतं. त्याचा गुण पाण्यात उतरणार. प्लास्टिकचा कसला गुण उतरतो?

सगळा दिवस लेथवर बसलो. मास्क कधी लावला नाही, आजही नाही. पोट पेरूएवढं, तोटी करंगळीएवढी, टोकाला नाकपुडीच्या बेताचा गोलवा. असा हात पूर्वीसारखाच चालला की बरं वाटतं. शिंका एकोणीस आल्या. म्हणजे नाक उघडायला सुरुवातही झाली.

चिरंजीव येऊन उभे राहिले. म्हणाले, काय करताय? सांगितलं. तोटी उजेडाकडे धरून बघितली. मग म्हणाले, बाबा, सुंदर झालीय. आणि निघून गेले. पोटात दुखलं असणार. यंत्राला अशी तोटी नाही.

१० नोव्हेंबर, रविवार.

पॉलिशवाल्याने झारीला पॉलिश करायला नकार दिला. म्हणाला, बाहेरून करतो, आतून नाही, आणि खरं तर तुम्ही ती नाकाजवळ नेऊ नका, शिसवीच्या भुशाने मला स्वतःला पुरळ उठतं. मी म्हणालो, तुझी कातडी नाजूक आहे. एकतीस वर्षांनी पहिल्यांदा स्वतःचं काम सांगितलं आणि नाही म्हणाला! आतून कोरीच ठेवली. उलट बरं, गुण थेट उतरेल.

आज उद्घाटन. पाणी उकळलं (हिच्या समाधानासाठी), मीठ नजरेने पण हात आखडता घेऊन. वाकलो, कलतं केलं, ओतलं. दुसऱ्या नाकपुडीतून थेंब नाही. पाणी घशात गेलं. चव कडवट. पण झोंबलं कमी!

बेसिनमधलं पाणी मात्र लालसर काळं दिसलं. ही बघून किंचाळली. मी म्हणालो, रक्त नाही, शिसवीचा अर्क आहे. ही म्हणाली, मग जास्तच भीती वाटतेय.

१२ नोव्हेंबर. सकाळ. ठळक नोंद.

वास आला!!

झारी नाकाशी नेली आणि आला. गोडसर, गरम, आतवर जाणारा. शिसवी! डोळ्यांत पाणी आलं. मिठाचं नव्हे. किती दिवसांनी... बऱ्याच दिवसांनी. थोड्या दिवसांनी.

धावत जाऊन हिला सांगितलं. ही कपडे वाळत घालत होती. खरं का, म्हणाली, आणि हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. मग विचारलं, बरं, मी आत्ता कोणता साबण वापरलाय? हुंगला. म्हणालो, यात शिसवीचा अंश आहे. हिने टॉवेल दोरीवर टाकला आणि आत निघून गेली. भारावून गेली असेल.

१३ नोव्हेंबर.

प्रोग्रेस जबरदस्त. चहाला शिसवीचा वास येतो. कारण उघड आहे: ट्रेच्या कडेला शिसवीची पट्टी आहे, मीच लावली होती. एवढं सूक्ष्म पकडतंय नाक! वर्तमानपत्रालाही येतो. नातवाच्या... नको, ते सोडू. पण त्यालाही येतो.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये जाहीर केलं की नाक उघडलं. पूर्वीपेक्षा तिखट झालं. पॉलिशवाला ब्रश घासत होता, थांबला. चिरंजिवांनी हातातली फूटपट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, खरंच बाबा? अगदी खरंच? त्यांचा चेहरा असा झाला की मला क्षणभर अवघडल्यासारखं झालं. मी म्हणालो, बाप कधी खोटं बोलला आहे?

म्हणाले, मग तेवीसला चला.

जिंकलो! यंत्र गेलं खड्ड्यात.

१५ नोव्हेंबर.

नाक बाहेरून लाल झालं आहे आणि दीडपट दिसतं आहे. रक्ताभिसरण. सूनबाई म्हणाली, बाबा, मी वाचलं, शिसवीचा भुसा काही जणांच्या नाकाला चालत नाही, सूज येते. मी म्हणालो, ते लिहिणाऱ्याने कधी रंधा धरला होता का? ती म्हणाली, डॉक्टर होता. मी म्हणालो, तेच म्हणतोय.

सकाळी आणि संध्याकाळी होता डोस, आता दुपारीही सुरू केला.

१७ नोव्हेंबर, रविवार.

झारी गायब!

सगळं घर पालथं घातलं. पलंगाखाली बघितलं, हत्यारांच्या पेटीत बघितलं. दोन तासांनी सापडली, हिच्या कपाटात, चादरींच्या घडीत गुंडाळलेली. त्रेचाळीस वर्षांचा संसार आणि माझ्याच हातच्या कपाटात माझीच झारी लपवते! विचारलं तर म्हणाली, आरशात बघा एकदा स्वतःकडे. बघितलं. डोळे जरा बारीक झाले आहेत, नाक मोठं झालं म्हणून तसं वाटत असेल.

ही म्हणाली, अहो, नाही आला वास तर नाही आला. त्यात काय एवढं? टेबल काय नाक लावून वाचणार आहेत का लोक?

त्यात काय एवढं! हिला कसं सांगू? टेम्पोतली ती सीट गेली की माझ्याकडे उरतं काय? बाहेरच्या खोलीतली आरामखुर्ची, आणि तीही मीच केलेली, म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही.

झारी आता उशीखाली ठेवणार.

२० नोव्हेंबर.

तोंडाने श्वास घेतो आहे. नाक पूर्ण बंद. हरकत नाही. पाणी यायच्या आधी नळ खरखरतो, तसं आहे हे. वास मात्र चोवीस तास येतो. श्वास नाही पण वास आहे! डॉक्टरांना हे जमलं असतं का?

पॉलिशवाला आज हळूच बाजूला घेऊन म्हणाला, मिस्त्री, अजून वेळ आहे, चिरंजिवांना खरं काय ते सांगा, ते ऐकून घेतील. मी म्हणालो, खरं काय? तो म्हणाला, काही नाही. आणि ब्रश धुवायला निघून गेला. ब्रश स्वच्छच होता.

२२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

उद्याची तयारी. पटाशीला धार लावली. स्वच्छ रुमाल दोन. झारी कापडात गुंडाळून. वखारीतच एक डोस घेणार, सगळ्यांसमोर. मुकादमाला दाखवणार, बघा, ही मिस्त्रींची सिस्टिम. मागतील लोक. वर्कशॉपला नवीन लाइन मिळेल. चिरंजीव आणि मी मिळून करू.

ही म्हणाली, सोबत स्वेटर घ्या. 

२३ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी सात.

लिहू की नको?

लिहितो. फसवणुकीची नोंद राहिली पाहिजे.

जाताना छान होतं. चिरंजीव बोलत होते, वाचनालयवाल्यांना टेबलाची कड गोल हवी की चौकोनी, नातवाचा पडलेला दात, असं सगळं. मी हूं हूं करत होतो. नाकाने बोलायची सोय नव्हती.

वखारीत पोचलो. मुकादमाने तीन थप्प्या दाखवल्या. मी पटाशीने पहिल्या ओंडक्याची साल काढली, थुंकी लावली, हुंगली. गोडसर, गरम. जाहीर केलं: शिसवी.

मुकादम म्हणाला, हं.

दुसरी थप्पी. शिसवी. मी म्हणालो, आज माल चांगला आलाय. तिसरी. शिसवी, आणि अव्वल. चिरंजीव हळूच म्हणाले, बाबा, परत एकदा बघता का? मला राग आला. दोन पावलं बाजूला एक फळी टेकवून ठेवली होती, तीही हुंगली आणि म्हणालो, ही बघा, हीसुद्धा शिसवी! लपवून ठेवली होती होय?

मुकादम म्हणाला, मिस्त्री, ती आमच्या बाकाची फळी आहे. पाइन. आणि तिसरी थप्पी निलगिरी आहे, खोक्यांसाठी. पहिली तेवढी शिसवी. दुसरी रंग लावलेलं कसलंतरी लाकूड, ते मी तुम्हाला विकलंच नसतं.

मी उभाच. मग मुकादम चिरंजिवांकडे वळून, आवाज खाली करून, पण मला ऐकू येईल इतकाच खाली करून म्हणाला, अहो, या वेळी फोन का नाही केलात? दर वेळसारखी खडूने खूण करून ठेवली असती, बाकीचा माल आत हलवला असता.

दर वेळसारखी.

म्हणजे चार वर्षं! हा आदल्या दिवशी फोन करायचा. मुकादम चांगलं तेवढंच बाहेर काढून ठेवायचा. मी ते हुंगायचो आणि पास करायचो. एक ओंडका चुकला नाही! चुकणार कसा? चुकायला ठेवलाच नव्हता!

टेम्पोत विचारलं. कधीपासून? चिरंजीव रस्त्याकडे बघत म्हणाले, त्या वसतिगृहाच्या कपाटांपासून. तुम्ही ओलं लाकूड सागवान म्हणून पास केलंत, चार महिन्यांत सगळी दारं वाकडी झाली. मी बदलून दिली. मी म्हणालो, मला का नाही सांगितलंस? ते म्हणाले, कसं सांगणार होतो?

मग म्हणाले, या वेळी तुम्ही म्हणालात नाक उघडलं. मला खरंच वाटलं. म्हणून फोन केला नाही.

लाकूड न घेता परतलो. दीड तास. 

२४ नोव्हेंबर, रविवार.

कुणाशी बोलणार नाही. जेवणारही नाही.

ही म्हणते, मला माहीत होतं. सूनबाईला माहीत होतं. पॉलिशवाल्याला माहीत होतं, खूण करायचा खडूही सुरुवातीला त्यानेच दिला म्हणे! वखारीच्या वॉचमनला माहीत होतं. चार वर्षं सगळे मिळून माझ्या नाकाची काळजी घेत होते आणि मला कुणी बोलवलं नाही.

आणि सगळ्यांत मोठा गद्दार ते नाक. बावन्न वर्षं धूळ खाल्ली, त्याच्यावर विश्वास टाकला, आणि ऐन वखारीत एकाच लाकडाचं नाव घोकत बसलं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. झारी उलटी करून बघितली. कोरडी असूनही तोच वास. म्हणजे नाक उघडलंच नव्हतं. झारीच नाकात जाऊन बसली होती.

दुपारी एक. जेवलो. उपास हिच्यावर परिणाम करत नाही, उलट घासायला भांडी कमी पडतात म्हणून खूश असते.

२५ नोव्हेंबर.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं मला. नेलं असंच लिहितो, गेलो नव्हे. एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला सूनबाई, मी मधे, चोरासारखा.

बाईंनी नाकात दिवा घालून बघितलं. म्हणाल्या, दोन्हीकडे मांस वाढलंय, द्राक्षाच्या घडासारखं. बरीच वर्षं धुळीत काम केलंत का? आणि वरून ही नवी सूज कसली? काय घालता नाकात? ही बोलायच्या आत मी झारी काढून टेबलावर ठेवली. लपवायचं काही कारण नव्हतं.

बाईंनी झारी उचलली, फिरवली, तोटीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, काम अप्रतिम आहे हो. स्वतः केलंत? मग म्हणाल्या, यात फुलं ठेवा. नाक याच्यापासून लांब.

फवारा दिला. प्लास्टिकची बाटली दिली. उकळून कोमट केलेलं पाणी, अर्धा लिटर, छोटा चमचा मीठ, सपाट. पॉलिशवाल्याचंच माप! शब्दाला शब्द! दोघं ओळखत असावेत.

मी विचारलं, वास येईल का? म्हणाल्या, सूज उतरेल, श्वास सुधारेल. वासाचं सांगता येत नाही. येईलही. नाहीही.

असं उत्तर मी गिऱ्हाइकाला दिलं असतं तर दार उघडून बाहेर काढलं असतं मला.

२७ नोव्हेंबर.

मीठ ही मोजते. मला चमच्याला हात लावू देत नाही. बाटली दाबली की पाणी एकीकडून जातं, दुसरीकडून येतं, मुकाट्याने. झोंबत नाही. जे झोंबत नाही ते काम काय करणार? असं बोललो तर ही म्हणाली, बेचाळीस वर्षं तुम्हाला मी झोंबले, काय काम झालं?

त्रेचाळीस, मी म्हणालो. हिला आकडे कमी करून सांगायचीही सवय आहे तर.

डाव्या नाकपुडीतून श्वास येतो आहे. थंड. वरपर्यंत. हे कुणाला सांगितलेलं नाही.

२८ नोव्हेंबर. दुपार.

जेवायच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. सागवानाच्या ताज्या ढलप्या रंध्याखाली पडल्या होत्या, कुरळ्या. ओंजळभर उचलल्या आणि तोंड खुपसलं.

काही नाही.

पाइन घेतलं. काही नाही. शेवटी शिसवी घेतली. तीही गप्प.

आता नाक स्वच्छ आहे, वारा जातो येतो, पण घरात कुणी राहत नसल्यासारखं आहे. चार वर्षं असंच होतं. मलाही माहीत होतं. लिहून टाकतो एकदा: त्या वसतिगृहाच्या कपाटांच्या वेळीसुद्धा मला काही वास आला नव्हता. मी अंदाजाने सांगितलं होतं.

ढलप्या होत्या तशा ठेवल्या. कपडे झटकून घरी आलो.

२९ नोव्हेंबर.

निर्णय: वखार बंद. टेम्पोचं नाव काढणार नाही. उद्या चिरंजीव जाणार आहेत लाकूड आणायला, जावोत. यंत्र घेऊन जावोत. मुकादमाला मिठी मारोत.

मी उद्या दिवसभर झोपणार आणि कुणी उठवलं तरी उठणार नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.

सकाळी सहालाच उठलो. सवय. नाक धुतलं, दोन्हीकडून सरळ पाणी गेलं. चहा घेत बसलो होतो तर चिरंजीव दारात. हातात टेम्पोची किल्ली. म्हणाले, चला.

मी म्हणालो, कशाला? नाक चालत नाही. म्हणाले, नाकाला कोण बोलवतंय? मी म्हणालो, मग? म्हणाले, दीड तास जायचं, दीड तास यायचं. एकट्याने काय करू? तुम्ही बोलत बसता, रस्ता संपतो. चार वर्षं त्यासाठीच तर फोन करत होतो मुकादमाला.

ऐकलं मी ते! म्हणजे लाकडासाठी नेतच नव्हता. एक्स्पर्ट म्हणून नाही, मिस्त्री म्हणून नाही, नुसता बडबड्या बाप म्हणून नेत होता. खडूचं एकवेळ समजू शकतो, पण हे? असल्या माणसाबरोबर कोण जाईल?

गेलो. केवळ जाब विचारायला. तीन प्रश्न मनात जुळवून ठेवले होते, एकापेक्षा एक धारदार. पूल ओलांडला की पहिला विचारायचा असं ठरवलं. काचेतून ऊन येत होतं, इंजिनाची एक लय असते, आणि नाकाने श्वास चालू होता, आत, बाहेर, आत, बाहेर, किती वर्षांनी असा.

डोळे उघडले तेव्हा पूल आलेला होता. वळून बघितलं तर मागे टेम्पोत लाकूड. पूल परतीचा होता!

म्हणालो, वखार कुठे गेली? म्हणाले, झाली. तुम्ही गाढ झोपला होतात, मुकादमाने काचेतून नमस्कार केला तुम्हाला. मी म्हणालो, उठवायचं नाही का? म्हणाले, कशाला? घोरत नव्हता. पहिल्यांदाच. नुसते झोपला होतात.

कोणतं घेतलं विचारलं. शिसवी, पहिल्या थप्पीतली, ओल बारा टक्के. मी म्हणालो, हां, माझंही तेच मत होतं.

मग हिशेब लक्षात आला. सोबत म्हणून नेलं आणि मी जाताना एक शब्द नाही, येताना पुलापर्यंत एक शब्द नाही. तेवढंही जमलं नाही. म्हणालो, कंटाळला असशील. म्हणाले, छे, अजिबात नाही.

बघा. अजूनही तोंडावर खोटं बोलतो.